जुन्या इंजिनाला रंग देताय? आधी ते नीट धुवा

पेरणी आटोपली की आपल्याकडं जुन्या ट्रॅक्टरला रंग द्यायची टूम निघते. आमच्या दारात वडिलांच्या काळातला लाल बी-२७५ आहे. महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत १९६३ साली ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली, ते हेच मॉडेल. त्याच्या इंजिनाला रंग देताना मी जी चूक केली, ती तुम्ही करू नका.

गॅरेजवाल्याने इंजिन डिझेलने धुतलं आणि वर जाड रंग चढवला. महिनाभर नवरदेवासारखं दिसलं. मग पापुद्रे सुटायला लागले. डिझेल वाळलं तरी तेलकट थर मागं ठेवतं, त्यावर रंग धरत नाही. पण खरा फटका पुढंच बसला. ब्लॉकचा एक वेल्च प्लग गंजून पातळ झाला होता, तो रंगाखाली झाकला गेला. ऐन नांगरटीत प्लग फुटला, पाणी गेलं, इंजिन तापलं आणि हेड गॅस्केट उडालं. वाफसा निघून गेला तो वेगळाच.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, रंगाच्या डब्यापेक्षा घासण्यावर जास्त खर्च करा. वायर ब्रशने गंज काढा, शेवटी थिनरच्या फडक्याने पुसा. गळती, प्लग, गॅस्केट आधी बघा.

ब्लॉकमधलं पाणी साधारण ८०-९० अंशांवर असतं. तिथं इपॉक्सी प्रायमर आणि वर चांगला इंजिन इनॅमल पुरतो. डिझेल सांडतं तिथं टू-पॅक पीयू जास्त टिकतो, पण त्याच्या हार्डनरची वाफ फुफ्फुसाला घातक असते. साधा रुमाल बांधून तो फवारू नका, योग्य मास्क असलेल्या पेंटरकडूनच करून घ्या.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गोष्ट वेगळी. तो काही शे अंश तापतो, तिथं साधा इनॅमल जळून धूर करतो. त्याला सिलिकॉनचा उष्णतारोधक ॲल्युमिनियम रंगच हवा. तोही रेड ऑक्साईड न मारता, उघड्या लोखंडावर, पातळ दोन हात. डब्यावर लिहिल्याप्रमाणे हळूहळू तापवून पक्का करा.

रेडिएटरच्या जाळीला, ब्रीदरला, रबरी नळ्यांना आणि इंजिन नंबरला रंग लागू देऊ नका.

आणि जुना ट्रॅक्टर विकत घ्यायला जाल, तेव्हा ताजा चकचकीत रंग बघून भुलू नका. अर्धा तास इंजिन चालवून खाली वाकून बघा. रंग गळती झाकतो, थांबवत नाही.