सपाट तळव्यांचा गुन्हा

फताडे पाय असणे हा आमच्या सिंदी रेल्वेत परवापरवापर्यंत गुन्हा नव्हता. फार तर नव्या सुनेची ओली पावले पाहून एखादी सासू नाक मुरडायची आणि विषय तिथेच संपायचा. आता नाक मुरडण्याचे काम दुकानदारांनी हाती घेतले आहे, आणि ते फुकट मुरडत नाहीत.

पोलीस भरतीसाठी आमची पोरे पहाटे पाचला धावायला निघतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. त्यांतला शेजारचा एक पोरगा नागपुराहून बुटात घालायचे सोल घेऊन आला. म्हणाला, "काकाजी, दुकानदारानं पाय काचेवर ठेवाले लावला न् म्हणे, तळवा सपाट हाय, गुडघे जातीन. साडेतीन हजार घेतले जी!" बूट होते नऊशेचे. म्हणजे घोड्यापेक्षा नाल महाग!

आता हिशेबच मांडू. धावताना पावलागणिक जमीन आपल्याला अंगाच्या वजनाच्या दोन-अडीच पट जोराचा धक्का देते. साठ किलोच्या पोराला सव्वाशे-दीडशे किलोंचा, आणि १६०० मीटरमध्ये असे हजारावर धक्के. हा भार सोल म्हणे गिळून टाकतो. गिळत नाही महाराज, सरकवतो! तळव्याच्या आतल्या बाजूला उंचवटा दिला की घोट्याला जरा आराम पडतो, पण गुडघ्याच्या आतल्या बाजूवरचा भार वाढू शकतो. कचेरीतली फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाते ना, तसेच हे. काम कमी होत नाही, फक्त टेबल बदलते.

बरे, ठसा पाहून भविष्य सांगण्याची ही विद्या तरी खरी आहे का? अमेरिकन सैन्याने २००९-१० च्या सुमारास हजारो रंगरुटांवर ती ताडून पाहिली. काहींना पायाच्या ठशाप्रमाणे बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच जातीचे. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

न्यायाने बोलायचे तर सोल अगदीच टाकाऊ नाहीत. २०१७ साली १८ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. त्या बहुतेक सैनिकांवरच्या. पायाला आधार देणाऱ्या घडीव सोलांमुळे हाडाला बारीक चीर जाण्याचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटलेले दिसले. स्नायूंच्या दुखापती मात्र टळल्या नाहीत. आणि 'धक्के शोषणाऱ्या' मऊ सोलांचा तर कसलाच उपयोग दिसला नाही. तेव्हा टाच दुखते म्हणून डॉक्टरांनी पाय तपासून सोल दिला, तर जरूर घाला. पण न दुखणाऱ्या पायाला भीती घालून सोल विकणे, याला आमच्याकडे वैद्यकी म्हणत नाहीत!

खरा घोटाळा वेगळाच आहे. वर्षभर पोरगा खाटेवर. जाहिरात निघाली की दुसऱ्या दिवसापासून रोज दहा किलोमीटर. हाडाला सवय व्हायला महिने लागतात हो! नडगी ओरडू लागते, पोरगा सोल बदलतो, पुन्हा धावतो, आणि ऐन भरतीत लंगडतो. वयाची अट काही त्याच्यासाठी थांबत नाही.

आमच्या तान्ह्या पोळ्यातल्या लाकडी नंदींना चाके असतात, म्हणून त्यांना कुणी सोल विकत नाही. पोरांना देवाने पाय दिलेत. त्यांना हळूहळू वाढवलेला सराव द्या, आठवड्यात एखाददोन दिवस विसावा द्या, आणि साडेतीन हजारांचे दूध-अंडी द्या. मग सपाट तळव्यांवर खुशाल खटला भरा. जामीन मी राहतो!