आमचं काही नाही हो, पण…

मे महिना आला की पुण्यात घरं बदलण्याचा हंगाम सुरू होतो. शाळा उघडायच्या आत सामान हलवायचं असतं, अकरा महिन्यांचे करार संपत आलेले असतात आणि एजंटांचे फोन सकाळपासून एंगेज. त्या फोनवरचं बोलणं एकदा कान देऊन ऐकावं. बजेट किती, माणसं किती, नोकरी कुठे, हे सगळं रोखठोक विचारून झालं की आवाज जरा मऊ होतो. “आणि सर, आपलं पूर्ण नाव?” पूर्ण म्हणजे आडनावासकट. त्यातलं अमोल, सचिन, प्रिया वगैरे कुणालाच नको असतं.

आडनाव देशपांडे किंवा चितळे निघालं तर पुढचा प्रश्न पार्किंगचा. शेख किंवा सय्यद निघालं तर “ओनरशी बोलून कळवतो”, आणि मग काहीच कळत नाही. खरी गंमत मधल्या आडनावांची. पवार, जाधव, गायकवाड, शिंदे, मोरे ही मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, मातंगांत आहेत, भटक्यांतही आहेत. तिथे एजंट अडखळतो. मग “गाव कुठलं?” मग “गावात घर कुठल्या बाजूला?” मग “घरी नॉनव्हेज वगैरे?” तेवढ्यानं भागलं नाही तर कान कामाला लागतो. ‘पाणी’ म्हणताना जीभ कुठे टेकते, मराठवाड्याचा हेल आहे का, वऱ्हाडी सूर लागतो का. पाच मिनिटांत माणसाचा अख्खा पंचनामा होतो आणि पंचनामा करणारा इतका आदबीनं बोलत असतो की राग कशाचा धरावा तेच कळत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा अशी नावं जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची ठरली. निर्णय योग्यच होता. पण विचारणाऱ्यानं विचारायचं सोडलं नसेल तर भीमनगर ऐकूनही त्याला हवं ते उत्तर मिळतंच.

माझ्या ओळखीचे एक प्राध्यापक आहेत. नांदेडहून बदली होऊन पुण्यात आले. आडनाव वरच्या मधल्या यादीतलं, घरात बाबासाहेबांचा फोटो. कोथरूडच्या बाजूला एक फ्लॅट त्यांना आवडला, भाडंही ठरलं. दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन, “सर, सॉरी, ओनरच्या भाच्याचं लग्न ठरलंय, फ्लॅट त्याला लागणार आहे.” सरांनी त्याच संध्याकाळी स्टाफरूममधल्या एका जोशीसरांना फोन करायला सांगितलं. फ्लॅट रिकामा होता. भाच्याचं लग्न बहुतेक मोडलं असावं.

पण माझं लक्ष वेधलं ते सरांनी नंतर काय केलं त्यानं. त्यांनी शांतपणे एकेकाला गाठून विचारलं. एजंट म्हणाला, “माझं काय जातंय सर, मला ब्रोकरेजशी मतलब. ओनरच जरा जुन्या विचारांचे आहेत.” ओनर म्हणाले, “छे हो, आमच्या घरात असलं काही नाही. माझा तर सख्खा मित्र तुमच्यातलाच आहे. पण सोसायटीतले लोक, तुम्हाला माहीतच आहे.” सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, “आम्ही कुठे कुणाला नाही म्हणतो? पण वरच्या मजल्यावर एक आजी आहेत, त्यांचं सोवळंओवळं असतं, उगाच तुम्हालाच त्रास नको.” आजींना कुणी काही विचारलंच नव्हतं. म्हणजे बघा, या सगळ्या साखळीत एकाही माणसाच्या मनात काही नव्हतं. सगळे भले. घर तेवढं मिळालं नाही.

पूर्वग्रह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लाल डोळ्यांचा, शिवीगाळ करणारा कुणीतरी येतो. तसे लोक आहेतच, आणि त्यांना ओळखणं सोपं आहे. पण रोजच्या व्यवहारातला पूर्वग्रह सहसा स्वतःच्या नावानं बोलत नाही. तो कायम दुसऱ्याच्या वतीनं बोलतो. दुकानदार गिऱ्हाइकाच्या वतीनं, गिऱ्हाईक बायकोच्या वतीनं, कंपनीतला साहेब ‘टीम’च्या वतीनं. घरकाम करणाऱ्या बाईचा कप ओट्याच्या कोपऱ्यात वेगळा असतो, तोही सासूबाईंसाठी. सासूबाई जाऊन किती वर्षं झाली, कप आहे तिथेच.

ही पद्धत नवी नाही. १९१७ साली डॉ. आंबेडकर परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. ज्या संस्थानानं शिष्यवृत्ती दिली त्याच संस्थानाची नोकरी, पण गावात राहायला खोली नाही. शेवटी पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हे लिहून ठेवलंय. लाठीवाले सगळ्यांच्या लक्षात राहतात. माझ्या लक्षात राहतात ते बाबासाहेबांचे दोन मित्र, एक हिंदू, एक ख्रिस्ती. त्या दिवशी बाबासाहेब दोघांकडे आसरा मागायला गेले. हिंदू मित्राला वाईट वाटलं, पण तो म्हणाला की तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राला बायकोला विचारावं लागणार होतं. एकाचे नोकर, दुसऱ्याची बायको. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला तो तरुण अधिकारी रात्रीच्या गाडीपर्यंत कामाठीबागेत बसून राहिला. आणि सोसायटीतल्या आजी? त्या तेव्हापासूनच वरच्या मजल्यावर आहेत.

मराठी साहित्यातही ही भाड्याची खोली आहे. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ चा. त्यातली शीर्षककथा खोली मिळवण्यासाठी जात लपवावी लागणाऱ्या माणसाचीच आहे. कथा अभ्यासक्रमात गेली, परीक्षेला आली, तिच्यावर प्रबंध झाले.

या प्रकारातला सगळ्यात छळणारा भाग म्हणजे नकार मिळालेल्या माणसाला खात्री कधीच होत नाही. प्राध्यापकांना जोशीसर होते म्हणून कळलं. नाहीतर भाच्याचं लग्न खरंही असू शकतं. नोकरीत निवड झाली नाही, तर आपलं इंग्रजी कच्चं असेल. टेबलाशी वेटर उशिरा आला, तर गर्दी असेल. प्रत्येक वेळी मनात खटला चालवायचा, पुरावा कधीच पुरा पडत नाही, आणि मोठ्यानं बोललं तर समोरचा म्हणणार, “तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीत जात आणता.” ज्याला असा खटला आयुष्यात चालवावा लागला नाही, त्याला यात दमण्यासारखं काय आहे ते समजणं अवघड आहे. त्याची झोप नीट झालेली असते.

म्हणून जोशीसरांची युक्ती मोठ्या प्रमाणावर करून पाहणाऱ्या संशोधकांचं मला कौतुक वाटतं. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पॉल अटवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना हजारो अर्ज पाठवले. पात्रता तोडीस तोड, फरक नावाचा. २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त निष्कर्ष आले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश होती आणि मुस्लीम नावाला एक तृतीयांश. अर्ज चाळणाऱ्यानं त्या माणसांना पाहिलेलंही नव्हतं. थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दिल्ली आणि भोवतालच्या शहरांत भाड्याच्या घरांसाठी हेच केलं. २०१५ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात घर शोधणाऱ्या दलितांपैकी सुमारे १८ टक्क्यांना आणि मुस्लिमांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना थेट नकार मिळाला. बाकीच्यांतही अनेकांना घर मिळत होतं ते जास्त भाड्यावर किंवा अटी घालून. त्यातल्या कुठल्याही एका घरमालकाला विचारलं असतं, तर त्यानं आपलं कारण पटेल असंच दिलं असतं.

मुस्लिमांच्या बाबतीत या चक्राला आणखी एक वेढा आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लीम कुटुंबं मुंब्र्याला गेली, मिरा रोडला गेली. काही भीतीनं गेली, काहींना दुसरीकडे कुणी घर देईना. पुण्यात एजंट आजही काळजीच्या सुरात सांगतो, “तुम्ही कोंढव्यात बघा ना, तुम्हाला बरं पडेल.” आणि मग तोच माणूस कट्ट्यावर म्हणतो, “हे लोक आपलं आपलंच टोळकं करून राहतात.” दार आपणच लावायचं आणि वर बाहेरचा आत येत नाही म्हणून त्याला नावं ठेवायची. मला तरी याहून निर्लज्ज युक्तिवाद ठाऊक नाही.

कायद्याचं काय, असं कुणी विचारेल. संविधानाच्या १५ व्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते असं सगळं लिहिलंय. भाड्याचा फ्लॅट त्या यादीत नाही. आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व फक्त पारशांनाच देण्याचा उपविधी मान्य केला. बडोद्याच्या धर्मशाळेपासून फार लांब नाही ते.

सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली गेली, कारण त्या मराठी. त्यांनी व्हिडिओ टाकला आणि महाराष्ट्र पेटला. राजकीय पक्ष धावले, पोलिसांत तक्रार झाली, माफी मागून झाली. संताप अगदी रास्त होता. आपल्याच राज्यात, आपल्याच शहरात जागा नाही म्हणजे काय? त्या आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे मेसेज फिरत होते, ते मी मन लावून वाचले. “हा माणुसकीचा प्रश्न आहे”, “संविधान शिल्लक आहे की नाही?” असं लिहिणाऱ्यांत एक गृहस्थ असे होते, ज्यांचा दुसरा फ्लॅट सहा महिने ‘योग्य फॅमिली’ची वाट बघत रिकामा पडला होता. मुंबईत मासे खाणाऱ्या मराठी माणसाला ‘ओन्ली व्हेज’ बिल्डिंगचं दार बंद झालं की त्याला अपमान समजतो. त्याच माणसाच्या बिल्डिंगमध्ये अन्सारी किंवा कांबळे आले की त्याला सोसायटीचं वातावरण आठवतं. अपमान ओळखण्याची आपली नजर तीक्ष्ण आहे, फक्त ती एकाच दिशेला बघते.

एक गोष्ट मात्र फार लोकांना माहीत नसते. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका भाड्यानं देताना सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. कागदपत्रांसह आगाऊ कळवलं की झालं. तेव्हा “सोसायटी ऐकत नाही” हे वाक्य कायद्यात कुठे बसत नाही, ते फक्त जिन्यात बसतं. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. पार्किंग, पाण्याची टाकी, लिफ्टची दुरुस्ती हे विषय झाले की शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ असतात. तिथे एखाद्यानं उभं राहून एवढंच म्हणावं की कुणाला घर द्यायचं नाही याचा रीतसर ठराव मांडा. सूचकाचं आणि अनुमोदकाचं पूर्ण नाव आडनावासकट इतिवृत्तात लिहा आणि खाली सही घ्या. सूचक म्हणून कोण हात वर करतंय, ते बघू.