कात्री लावण्याआधी

माझ्या खिडकीत एक बाटली उभी आहे. आल्यागेल्याने हातात घेऊन बघावी अशी देखणी. पोटावर मोडीतल्या चार ओळींचा कागद आणि वर व्हार्निशचे तीन हात. लोक कौतुक करतात तेव्हा मी विषय बदलतो.

तो कागद आजीच्या ट्रंकेत सापडला होता. मला मोडी येत नव्हती. अक्षर वळणदार, रंग पिवळसर, एवढ्यावर कात्री चालवली. पुढे मोडी जाणणारे एक गृहस्थ घरी आले. त्यांनी बाटली फिरवून फिरवून वाचली. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या भावकीत वाटून घेतल्याचा तो कागद होता. नावं होती. कोणाला किती दिवस, ते कडेला लिहिलेलं असावं. बाटलीच्या गोलाईत बसेना म्हणून ती कड मी छाटून केरात टाकली होती.

म्हणून जुन्नर-आंबेगावच्या मंडळींना हात जोडून सांगणं आहे. बाटल्या खुशाल सजवा, छंद चांगला आहे. पण ज्याची दुसरी प्रत मिळते तेच कापा.

हे आपल्याकडे जास्तच लागू आहे, कारण जुन्नर हे कागदाचं गाव. जुने दोर, तागाची पोती, चिंध्या कुटून लगदा करायचा, चाळणीवर ताव उचलायचा, खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचा, अशी हातकागदाची रीत. इथला जुन्नरी कागद पेशवाईत दप्तरी वापरात होता. तेव्हा इथल्या घरातल्या ट्रंकेत जुना ताव निघाला, तर त्यात नवल नाही. इतिहासाचार्य राजवाडे असेच कागद शोधत गावोगाव हिंडले. १९१० साली त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. मोडी कागद सापडला आणि घरात वाचणारं कोणी नसेल, तर तिथे चौकशी करा. तोवर तो कोरड्या सुती रुमालात बांधून ठेवा. दप्तरं रुमालात बांधायची आपली जुनी पद्धत शहाणपणाची होती. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको.

कापून चिकटवण्याच्या या कलेला डेकूपाज म्हणतात. अठराव्या शतकात व्हेनिसमध्ये महागड्या लाखकामाची नक्कल म्हणून छापील चित्रं लाकडी सामानावर चिकटवत. त्यासाठी चित्रांचे ताव मुद्दाम छापून विकले जात. म्हणजे त्या कारागिरांनीही छापील प्रतीच कापल्या. आपणही तेच करू. ट्रंकेतल्या पत्राची, लग्नपत्रिकेची, आजोबांच्या फोटोची रंगीत झेरॉक्स काढा. तमाशाच्या फडाची जाहिरात, यात्रेचं पत्रक, सरलेल्या वर्षाचं कॅलेंडर यांच्या प्रती ढिगाने असतात, त्या थेट कापा. नारायणगावात पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात, तेव्हा असा माल हवा तेवढा मिळेल.

आता बाटली. आपल्या भागात टोमॅटो आणि द्राक्षं, त्यामुळे बांधावर औषधांच्या बाटल्या पडलेल्या असतात. फवारणीच्या औषधाची बाटली कितीही धुतली तरी घरात आणू नका. सरबताची, सॉसची, व्हिनेगरची घ्या. पहिल्या खेपेला चपट्या पोटाची निवडा. गोल खांद्यावर कागदाला हमखास चुण्या पडतात.

गरम पाण्यात खायचा सोडा टाकून बाटली रात्रभर बुडवा, लेबल सुटतं. उरलेला चिकटा घासून काढा, वाळवा, मग स्पिरिटने पुसा. पुसल्यावर बोटं लावू नका, तेलकट ठशावर रंग धरत नाही. काच गुळगुळीत असते, म्हणून बारीक पॉलिश पेपर फिरवून अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात द्या. रंगात चमचाभर प्लास्टर ऑफ पॅरिस कालवलं तर खडूसारखा कोरडा पोत येतो.

झेरॉक्सच्या कोपऱ्यावर ओलं बोट फिरवून बघा. शाई पसरली तर ती इंकजेटची प्रत, ती चालणार नाही. टोनरची प्रत पसरत नाही. तिला जुनेपण हवं असेल तर बिनदुधाच्या कडक चहात बुडवून सावलीत वाळवा. कडा कात्रीने कापण्यापेक्षा हाताने फाडा, सांधा दिसत नाही. दोन भाग फेविकॉल, एक भाग पाणी असं मिश्रण बाटलीला आणि कागदाच्या पाठीला लावा. मधून बाहेर बोटाने दाबत हवा काढा. पूर्ण वाळल्यावर व्हार्निशचे दोन-तीन हात, प्रत्येकाच्या मध्ये वाळायला वेळ. पश्चिमेकडच्या गावांत श्रावणात हे काम काढू नका. हवेत ओल असते, व्हार्निश चिकट राहतं. दिवाळीनंतर बसा.

जुन्या भिंतीसारखे तडे हवेत? कागद लावण्याआधी गडद रंग वाळू द्या. वर फेविकॉलचा हात द्या आणि तो अर्धवट चिकट असतानाच फिका रंग एका दिशेने, एकदाच ओढा. पुन्हा ब्रश फिरवला की तडे बुजतात. तासाभरात रंग आपोआप फाटू लागतो.

बाटलीत पाणी, तेल, खायचं काही भरू नका. आत मेणबत्ती नको, छोट्या दिव्यांची माळ सोडा. पुसायची ती कोरड्या फडक्याने.

बचत गटाच्या बायांनो, बाटल्या विकायच्या असतील तर आधी पाच करून ओळखीत द्या. सहा महिन्यांनी कागद उचलला नाही, रंग सोलला नाही, मगच पैसे घ्या.

परवा मी दुसरी बाटली केली. तिच्यावर आजीच्या हातची किराणा यादी आहे, झेरॉक्स. पहिला कागद चुरगळला, दुसरा तिरका बसला, तिसरा जमला. मूळ यादी ट्रंकेत आहे, कडेसकट.