पडद्यावरील पाठ आणि रुग्णाची नाडी

विद्येचीं साधनें काळाप्रमाणें बदलत आलीं आहेत. पाठांतराच्या जागीं पोथी आली, पोथीच्या जागीं छापील पुस्तक आलें, आणि आतां पुस्तकाच्या शेजारीं मोबाईलचा पडदा येऊन बसला आहे. अशा प्रत्येक बदलाच्या वेळीं कांहींनीं डोळे मिटून स्वागत केलें, तर कांहींनीं डोळे मिटूनच धिक्कार केला. वैद्यकाच्या शिक्षणांत ऑनलाइन साधनांचा स्वीकार करावा कीं नाहीं, या प्रश्नाचा विचार मात्र डोळे उघडे ठेवून केला पाहिजे. आपल्या शाळेंतील कित्येक मुलेंमुली डॉक्टर होण्याची आकांक्षा बाळगतात. तेव्हां हा प्रश्न परक्याचा नसून आपल्या घरचाच आहे.

वैद्यक शिकण्यासाठीं खानदेशच्या मुलांस पूर्वीं दूरच्या शहराची वाट धरावी लागे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस धुळ्यास, 2018 सालीं जळगांवास आणि 2020 सालीं नंदुरबारास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें. जळगांवची पहिली तुकडी अर्ध्या वाटेवर असतांनाच, मार्च 2020 मध्यें, करोनाच्या सांथीमुळें देशभर वर्ग बंद झाले व पाठ मोबाईलवर सुरू झाले. त्या आपत्तीनें दोन गोष्टी शिकविल्या. व्याख्यान दूरवरून देतां येतें, ही एक. आणि रुग्णाच्या खाटेपाशीं जें शिकावयाचें तें दूरवरून शिकतां येत नाहीं, ही दुसरी.

प्रथम लाभाची बाजू पाहूं. शवविच्छेदनाच्या टेबलाभोंवतीं विद्यार्थी दाटीनें उभे राहतात. पुढच्यांस दिसतें, मागच्यांस दिसत नाहीं. तेंच विच्छेदन चित्रफितीवर असेल, तर प्रत्येकास तें स्पष्ट दिसतें व हवें तेथें थांबवितां येतें. हृदयाच्या झडपेंत दोष असतां जो वेगळा ध्वनि उमटतो, तो ऐकावयास तसा रुग्ण मिळेलच असें नाहीं; परंतु त्याचें ध्वनिमुद्रण शंभरदां ऐकतां येतें. केंद्र सरकारनें 2017 सालीं ‘स्वयम्’ हें शिक्षणाचें विनामूल्य व्यासपीठ सुरू केलें, त्यामागें ज्ञान सर्वांच्या दारीं नेण्याचाच हेतु होता. 2019 सालीं देशांत वैद्यकाचा नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्यांत नुसतीं व्याख्यानें एकतृतीयांशाहून अधिक नसावींत, बाकीचा वेळ चर्चा, प्रात्यक्षिक व रुग्णपरीक्षा यांस द्यावा, असें तत्त्व घालून दिलें. व्याख्यान विद्यार्थ्यानें वसतिगृहांत ऐकून यावें आणि वर्गांत शंका विचाराव्या, ही रीत त्या तत्त्वास अगदीं धरून आहे.

आतां दुसरी बाजू. सातपुड्याच्या पायथ्याशीं सिकलसेल हा रक्तविकार पुष्कळ आढळतो. अशा मुलाची वाढलेली प्लीहा बोटांनींच चांचपून ओळखावी लागते. पडद्यास कितीही हात लावला तरी तो कांचेचाच लागतो. दुसरें असें कीं, पाश्चात्य पुस्तकांतील व संकेतस्थळांवरील पुष्कळशीं चित्रें गोऱ्या कातडीचीं असतात. सांवळ्या माणसाचा फिकटपणा खालच्या पापणीच्या आंत व तळहातावर पाहावा लागतो, हें त्या चित्रांवरून कसें कळावें? लंडनमधील मलोन मुकवेंडे या वैद्यकाच्या विद्यार्थ्यास हीच उणीव जाणवली. त्यानें आपल्या दोन शिक्षकांच्या साहाय्यानें 2020 सालीं ‘माइंड द गॅप’ ही सांवळ्या त्वचेवरील लक्षणांची पुस्तिका तयार करून इंटरनेटवर सर्वांस मोफत खुली केली.

यावरून माझें मत असें झालें आहे कीं, ऑनलाइन साधनें अवश्य घ्यावींत, पण नुसतें घेणाऱ्याच्या भूमिकेंत राहूं नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं विंचवाच्या तीव्र दंशावर ‘प्राझोसिन’ या औषधाचा उपयोग ग्रामीण रुग्णांवर उपचार करीत सिद्ध केला, आणि 2011 सालीं त्यांचें संशोधन ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें छापून आलें. खेड्यांतील ज्ञान जगास उपयोगी पडतें, याचा हा धडधडीत पुरावा आहे. मग धुळें-जळगांवच्या अध्यापकांनीं रुग्णाची संमति घेऊन, त्याची ओळख झांकून, येथील रोगांचीं चित्रें व पाठ मराठींत कां तयार करूं नयेत?

परंतु या स्वीकारास तीन अटी असाव्यात. पहिली, समतेची. ज्याच्या पाड्यावर मोबाईलची रेंज पोंचत नाहीं, त्या मुलास पाठ ग्रंथालयांत उतरवून ठेवलेले मिळाले पाहिजेत. नाहींतर नवें साधन हें जुन्या विषमतेचेंच नवें रूप ठरेल. दुसरी, निवडीची. इंटरनेटवर शास्त्र व थोतांड शेजारीं शेजारीं नांदतात. काय पाहावें हें अध्यापकानें पारखून सांगावें. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची: पडदा आला म्हणून शिक्षकाची जागा रिकामी ठेवूं नये. ज्या दिवशीं काटकसरीसाठीं चित्रफीत लावली जाईल, त्या दिवशीं शिक्षण संपून देखावा उरेल.

शेवटीं भाषेविषयीं. ‘मन्हा पोटमा दुखस’ असें सांगणाऱ्या आजीबाईचें दुःख समजण्यास अहिराणी कानांत बसलेली असावी लागते. वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें खेड्यांतील कांहीं कुटुंबें दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याकडे लक्ष द्यावें, अशी योजना आतां अभ्यासक्रमांत आहे, ती याच कारणानें मोलाची होय. घरचें अंगण, ओटा, पाण्याचा हंडा व चुलीचा धूर पाहिल्यावांचून खोकल्याचें कारण कळत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या हातीं आज जो मोबाईल आहे, त्यांत मोठमोठे गुरु बसले आहेत आणि मोठमोठे चोरही. पाठ ऐकतांना वही उघडी ठेवा, न समजलेलें टिपून दुसऱ्या दिवशीं शिक्षकांस विचारा. पालकहो, मुलाच्या हातांतील पडदा हिसकावूं नका. पण सायंकाळीं शेजारच्या आजारी माणसाची विचारपूस करावयास त्यास जरूर पाठवा. पडदा त्यास हुशार करील. पण त्याच्या हातून औषध घेतांना रुग्णास जो विश्वास वाटला पाहिजे, तो माणसांत वावरूनच मिळवावा लागतो.