चालायलंय की!

कानानं परीक्षा करण्यात आपल्या लोकांचा हात कुणी धरणार नाही. मडकं घेताना टिचकी मारतील, नारळ कानाशी हलवून बघतील, कलिंगडावर थाप मारल्याशिवाय खिशात हात घालणार नाहीत. आमचं अणदूर तर सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं. इथलं पोरगं रात्री अंथरुणात पडल्या पडल्या सांगतं, की आत्ता गेला तो ट्रक भरलेला होता का रिकामा. अशा तयार कानांच्या मुलखात लॅपटॉप मात्र तीन-तीन आठवडे ‘टक्‌... टक्‌... टक्‌...’ करीत शेवटचे श्वास मोजतो आणि घरातली कर्ती माणसं एकमेकांना सांगतात, “चालायलंय की! मग कशाला हात लावायचा?”

माझं भांडण आहे ते या ‘चालायलंय की’शी.

आधी हे यंत्र काय आहे ते बघा. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क म्हणजे एक चकचकीत तबकडी, मिनिटाला बहुधा ५४०० वेळा गरगरणारी. जुन्या ग्रामोफोनची सुई तबकडीवर टेकायची. इथं वाचणारं बोंडुक टेकत नाही, तरंगतं. तेही किती उंचीवरून? काही नॅनोमीटर. आपल्या डोक्यावरचा, अजून शिल्लक असलेला, एक केस हजारो पटींनी जाड भरेल. एवढ्या नाजूक संसारातून आवाज यायला लागला, तर तो काही सनईचा नसतो.

बरं, सगळेच आवाज वाईट असतात असंही नाही. सूं सूं किंवा घर्रर्र वाढत जात असेल आणि बाजूच्या जाळीतून गरम वारा येत असेल, तर तो बहुतेक पंखा. त्यात महामार्गाची धूळ साठलेली असते. लॅपटॉप निवांत असताना अधूनमधून एखादं हलकं ‘टिक्‌’ झालं, तर बोंडुक आपल्या जागी जाऊन विसावलं असं समजा. पण ठरावीक अंतरानं टक्‌-टक्‌ आणि फाइल उघडायला उशीर, याचा अर्थ बोंडकाला वाट सापडत नाही. ते जागेवर परत येतं, पुन्हा निघतं, पुन्हा चुकतं. बारीक गुणगुण किंवा पीं पीं होऊन पुढं काहीच घडलं नाही, तर तबकडी फिरण्याआधीच अडकलेली असते. आणि खरवडल्यासारखा आवाज आला, तर हे वाक्य पुरं वाचत बसू नका, आधी बटण बंद करा. बोंडुक तबकडीवर घासतंय. प्रत्येक फेरीत तुमचे फोटो खरवडून निघताहेत.

एवढं सांगितलं तरी लोक औषध विचारतात ते भलत्या वैद्यांना. पहिला वैद्य ठोक-पंथी. त्यांच्या घरी रेडिओ चापटीवर चालायचा, म्हणून लॅपटॉपही चालेल. दुसरा फ्रीज-पंथी. डिस्क पिशवीत घालून रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवायची म्हणे! बाहेर काढल्यावर तिला घाम फुटतो, आणि तो तबकडीवर फुटला तर नंतर मालकालाही फुटतो. तिसरा सगळ्यांत प्रतिष्ठित: फॉरमॅट-पंथी. याचं दुकान असतं. काहीही झालं तरी “फॉरमॅट मारू” हा त्याचा सल्ला. पाय मुरगळला म्हणून घर झाडून काढावं, तसा हा उपाय. घर स्वच्छ होतं, पायाचं काही सांगता येत नाही.

सुशिक्षितांचा चौथा पंथ आहे. ते म्हणतात, “संगणक स्वतःच डिस्कची तब्येत तपासतो. त्याला ‘स्मार्ट’ म्हणतात. तो ‘ठीक’ म्हणतोय.” गूगलच्या तीन संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निकामी झालेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांच्या ‘स्मार्ट’ नोंदीत, तापमान सोडलं तर, धोक्याची एकही खूण नव्हती. उलट, तपासणीत पहिली चूक सापडली की पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट वाढलेली दिसली. म्हणजे यंत्र ‘वाईट’ म्हणालं तर विश्वास ठेवावा, ‘ठीक’ म्हणालं तर ठेवू नये. पाहुण्याच्या ‘जेवून आलोय’सारखंच हे.

आमच्या गावात हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावोगावच्या बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ तयार केले. प्राथमिक उपचाराची निम्मी अक्कल औषध देण्यात असते, आणि उरलेली निम्मी ‘हे माझ्या हातचं नाही, लवकर पुढं न्या’ हे ओळखण्यात. लॅपटॉपच्या वैद्यांना ही दुसरी निम्मी कुणी शिकवलेलीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, “आमचा बॅकअप आहे.” कुठं आहे? तर लॅपटॉपवरचं सगळं बाहेरच्या डिस्कवर हलवलं आणि लॅपटॉपवरून पुसून टाकलं! अहो, याला बॅकअप म्हणत नाहीत, बदली म्हणतात. हा फरक अणदूरकराला तरी समजावून सांगावा लागू नये. आमचा खंडोबा सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गात. दोन्ही गावच्या मानकऱ्यांत रीतसर करार होऊन मूर्ती जाते-येते. मंदिरं दोन, मूर्ती एक. देव नळदुर्गाला गेला की इथला गाभारा रिकामा, हे सगळ्या गावाला ठाऊक. देवाचं ते ठीक आहे, तो दोन्हीकडं सांभाळून घेतो. फाइलला तेवढं सामर्थ्य नाही. तिथं जागाही दोन हव्यात आणि मूर्तीही दोन.

हे सगळं मी तावातावानं का लिहितोय? आमच्या गल्लीतल्या एका सूनबाईंनी सासूच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर टिपून लॅपटॉपमध्ये ठेवल्या होत्या. मोबाइल बदलला, सासूबाई गेल्या. ओव्या उरल्या त्या एकाच डिस्कवर. ती टकटकू लागली तेव्हा सूनबाईंनी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा घरधन्यानं तेच दोन शब्द सांगितले. पुढं एका दुकानात फॉरमॅट झालं. लॅपटॉप चार दिवस छान चालला. जातं अजून परसात आहे.

नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा एसएसडी असते. तिच्यात फिरणारं काही नाही, म्हणून आवाजही नाही, आणि पुष्कळदा ती सूचना न देताच जाते. टकटकणारी जुनी डिस्क त्या मानानं खानदानी; निघण्याआधी दार वाजवते. अशा वेळी तपासण्या, दुरुस्त्या, स्कॅन काही करू नका, तिची उरलीसुरली ताकद त्यातच खर्च होते. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी दुसरीकडं उतरवून घ्या: आधी ओव्या, मग फोटो, मग सात-बाराचे कागद. सिनेमे राहिले तर राहू द्या. उघडतच नसेल, तर बंद ठेवून जाणत्याकडं न्या. डिस्क बदलायची ती नंतर.

आणि शेजारी कुणी म्हणालंच, “चालायलंय की!” तर त्याला शांतपणे सांगा, “चालायलंय, म्हणूनच आत्ता!”