सुपरवायझरच्या पुढे आपली पोरं का जात नाहीत?

चंदगड तालुक्यातली आपली पोरं काजूच्या कारखान्यात, हलकर्णीच्या एमआयडीसीत, नाहीतर पुण्या-गोव्याच्या कंपन्यांत कामाला लागतात. सुपरवायझर होतात आणि तिथेच थांबतात. संविधानाच्या कलम १६(४अ) चा बढतीतला आधार सरकारी नोकरीपुरता. खाजगी कंपनीत पुढची खुर्ची बहुतेकदा ओळखीतून, नात्यागोत्यातून ठरते. हे जातवास्तव आम्ही नाकारत नाही. पण नुसत्या चिडीने खुर्ची मिळत नाही.

काही मित्र म्हणतात, मॅनेजर होणे म्हणजे मालकाचा माणूस होणे. आम्हाला हे पटत नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी कारखाने कायद्यातली दुरुस्ती १९४६ ची. निर्णयाच्या जागी कोण बसले आहे, याने कामगाराच्या आयुष्यात फरक पडतो.

मग करायचे काय?

हिशेब शिका. बाबासाहेबांचा मूळ विषय अर्थशास्त्र होता, हे विसरू नका. हजेरी घेणारा सुपरवायझर राहतो. किलोभर काजूगरामागे खर्च किती आणि तूट कुठे, हे सांगणारा पुढे जातो.

सगळे लेखी ठेवा. काय सुधारले, कधी, किती पैसे वाचले, याची तारीखवार वही करा. तोंडी कौतुक हवेत विरते. उद्या डावलले गेलात, तर भांडायलाही हाच कागद लागेल.

सगळे काम अंगावर ओढू नका. आपल्याला दुप्पट सिद्ध करावे लागते, म्हणून आपण सगळे स्वतःच करत बसतो. हाताखालच्याला शिकवा, जबाबदारी द्या. तुमची जागा घेणारा तयार नसेल, तर तुम्हाला वर कोण सोडणार?

आणि माणसांशी नीट वागा. चूक एकांतात सांगा, कौतुक चारचौघांत करा. काजू सोलणाऱ्या बाईला अगंतुगं नको. पाण्याचा माठ, डबा खायची जागा, सुट्टीची पाळी यांत भेद दिसला, तर तो मोडायचा अधिकार आता तुमच्याकडे आहे. सोसलेला अपमान खाली ढकलणारा मॅनेजर आम्हाला नको.

१९५६ साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी खंत व्यक्त केली होती. खुर्चीत बसल्यावर वस्तीतल्या दोन पोरांना तरी हे काम शिकवा. नाहीतर ती खंत आपल्यालाही लागू आहे.

जय भीम!