अंधारात सापडणारी बॅटरी

दिवाळी अंकातल्या या सदरात आकाशकंदिलाची कृती यावी, असा जणू संकेतच आहे. यंदा मात्र कंदिलाला रजा देऊन मोहरीएवढ्या एका दिव्याबद्दल लिहायचे ठरवले आहे. हा दिवा कशावरही उजेड पाडत नाही. काळोखात बॅटरी कुठे आहे, एवढेच तो सांगतो.

बॅटरी म्हणजे विजेरी. विजेरी हा शब्द मला फार आवडतो. पण आमच्या धाराशिवकडे दुकानात जाऊन विजेरी मागितली, तर दुकानदार आधी आपल्या तोंडाकडे बघेल. तेव्हा बॅटरीच म्हणू, आणि तिच्या पोटात घालतात तो सेल.

घरात बॅटरी नाही असे कुटुंब विरळा. वीज गेल्याबरोबर ती हाती लागली असे कुटुंब त्याहून विरळा. बॅटरी शोधायला काड्यापेटी हवी, काड्यापेटी शोधायला बॅटरी हवी, आणि दोन्ही कुठे आहेत हे जिला ठाऊक ती गृहलक्ष्मी नेमकी शेजारी हळदीकुंकवाला गेलेली! "आता मोबाइललाच बॅटरी असते की," असे चिरंजीव म्हणतात. असते खरी, पण मोबाइल चिरंजीवांच्या खिशात असतो आणि चिरंजीव घराबाहेर असतात.

शहरात हे हसण्यावारी जाते. सगळीकडे जात नाही. माझे मामा लोहारा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात राहतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चाराला चार मिनिटे कमी असताना, किल्लारीचा भूकंप झाला. लोक गणेशविसर्जन आटोपून नुकते निजले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली सास्तूरसारखी गावेच्या गावे खाली बसली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. ज्याने इतकी वर्षे ऊन-पाऊस अडवला तेच अंगावर आले. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. मामा-मामी अंगणात निजले होते म्हणून वाचले. "त्या रात्री हाताला बॅटरी लागली असती तर..." एवढे मामा कधीकधी म्हणतात. वाक्याचा पुढचा भाग आजवर कोणी ऐकलेला नाही, आणि आम्ही विचारीतही नाही.

तेव्हापासून त्यांच्या उशाशी बॅटरी असते. गेल्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली. मामांनी हात घातला, तो धक्का लागून बॅटरी बाजेवरून पडली आणि घरंगळत कुठे गेली कोण जाणे. मामी अनवाणीच उतरल्या आणि जमीन चाचपीत राहिल्या. वीज आली तेव्हा उंबऱ्याशी, त्यांच्या पावलापासून हातभर अंतरावर, मण्यार होती. मण्यार रात्रीच हिंडते आणि तिचा दंश पुष्कळदा झोपलेल्या माणसाला कळतही नाही. शेतावरही तीच कथा. पंपाची वीज वर्षानुवर्षे पाळीपाळीने रात्रीची येत राहिली, त्यामुळे रात्री दारे धरायला जाणाऱ्या माणसाला बॅटरी ही पायताणाइतकीच गरजेची.

मामांचा निरोप आला, "भाच्याला म्हणावं, उजेड बक्कळ हाय. पण ती घावायला पायजे."

पहिला उपाय कोणालाही सुचेल तो : बाजारात मिळणारी, आपण रेडियमची म्हणतो ती हिरवट रबरी टोपी बुडाला बसवायची. पण ती दिवसा प्यालेला उजेड रात्री परत देते. दिवा मालवल्यावर तासभर छान दिसते, पुढे मंदावते, आणि पहाटे चारला, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा, जवळजवळ विझलेली असते. उशीखालच्या किंवा खणातल्या बॅटरीला तर प्यायला उजेडच नाही. तेव्हा दिवाच हवा, आणि तो बॅटरीच्या स्वतःच्या सेलवर चालणारा हवा.

आता यातली गंमत बघा. हा दिवा बॅटरी बंद असताना लागतो आणि बॅटरी लावली की विझतो! उसाला पाणी देताना पाहिले असेल त्यांना हे पटकन कळेल. पाटाच्या दाराशेजारी उंदराचे बारीक बीळ आहे. दार बंद असले की पाणी बिळातून झिरपते. दार उघडले की सगळे पाणी दारातून जाते, बिळाकडे कोणी फिरकत नाही. बॅटरीचे बटण हे दार. बटणाच्या दोन टोकांना जोडलेला चिमुकला लाल एलईडी आणि त्याच्यामागे एक रोधक, हे बीळ. तुमच्या भिंतीवरच्या घंटीच्या बटणात जो लाल ठिपका रात्री दिसतो, तो याच युक्तीने. काही घरांत स्विच बंद करूनही एलईडीचा दिवा मंद लुकलुकत राहतो आणि लोक त्याला भुताटकी समजतात. तोही पुष्कळदा स्विचमधल्या असल्याच ठिपक्यातून झिरपणाऱ्या विजेचा खेळ.

जुन्या दोन सेलांच्या, तारेच्या बल्बच्या बॅटरीत एवढे केले की काम झाले. थंड तार ही झिरप बिनतक्रार जाऊ देते. मामांची बॅटरी नव्या तऱ्हेची, एका लिथियम सेलची, बुडाशी बटण असलेली. तिच्या डोक्यातल्या पांढऱ्या एलईडीला स्वतःलाच अडीच-तीन व्होल्टांचा रेटा लागतो. भरलेल्या सेलचे व्होल्ट ४.२. त्यातून लाल ठिपक्याला पावणेदोन-दोन द्यायचे म्हटले, तर दोघांचे मिळून भागत नाही आणि कोणीच पेटत नाही. म्हणून डोक्याकडे झिरपेला एक वेगळी वाट करून द्यावी लागते. डोक्यातल्या गोल चकतीच्या मधल्या टोकापासून कडेच्या कड्यापर्यंत एक हजार ओहमचा रोधक लावायचा. त्यावर तपकिरी, काळा, लाल असे पट्टे असतात. काही बॅटऱ्यांच्या चकतीत अशी वाट मुळातच असते, म्हणून आधी बुडाचे काम करून पाहावे. ठिपका दिसला तर डोके उघडायची गरज नाही.

बुडाचे काम असे. प्रथम सेल काढून दूर ठेवावा. सेलला डाख लावण्याचा किंवा त्याची दोन टोके जोडून पाहण्याचा उद्योग कोणीही करू नये, लिथियम सेल पेट घेतो. बुडाचे झाकण उघडले की आट्यांची एक कडी दिसते. ती दोन टोकदार चिमट्यांनी फिरवून बटण बाहेर घ्यावे. तांदळाच्या कणीएवढा चपटा लाल एलईडी आणि दहा हजार ओहमचा रोधक (तपकिरी, काळा, नारिंगी) एकामागे एक जोडून बटणाच्या दोन टोकांना डाख लावावा. सेलचे धन टोक डोक्याकडे असते, म्हणून एलईडीचे धन टोक बॅटरीच्या नळीकडे आणि ऋण टोक स्प्रिंगकडे. उलटे लागले तर ठिपका पेटत नाही, एवढेच, फिरवून लावावे. काळ्या रबरी टोपीतून उजेड येत नाही, ती बदलून दुधी रबराची बसवावी. सामान चहाच्या कपापेक्षा महाग नाही, आणि हात थरथरत असेल तर मोबाइल दुरुस्त करणारा पोरगा हे काम बोलता बोलता करून देतो. सरसाने बंद केलेली, भिंतीवर चार्ज होणारी प्लॅस्टिकची बॅटरी मात्र उचकटू नये.

मामांनी ठिपका पाहिला आणि पहिला प्रश्न व्यवहाराचा केला, "रात्रंदिस जळायलाय. सेल फुकट उतरंल की!"

मी कागद घेतला. सेल ३.७ व्होल्टांचा, ठिपक्याने पावणेदोन-दोन खाल्ले, उरले त्याला अकरा हजार ओहमनी भागले. एका मिलिअँपिअरचा जेमतेम सहावा हिस्सा. दोन हजार मिलिअँपिअर-तासांचा सेल या हिशेबाने नुसत्या ठिपक्यावर सोळा महिने पुरतो. मामा कागदाकडे न बघता म्हणाले, "म्हणजे खंडेनवमीला भरून ठिवला की पुढच्या खंडेनवमीला." शेतकऱ्याला हिशेब शिकवू नये.

पण या ठिपक्याचा खरा गुण मला दोन महिन्यांनी मामींकडून समजला. त्या म्हणाल्या, "दिवा मालवला की मी आधी त्याच्याकडं बघते. दिसला की निजते." म्हणजे ठिपका दिसतो आहे तोवर सेल जिवंत आहे आणि आतले सांधे शाबूत आहेत, याची ग्वाही रोज रात्री आपोआप मिळते. एरवी बॅटरी मेलेली आहे हे आपल्याला कळते ते ती लागली नाही तेव्हा. आता ठिपका मंदावला की मामी सकाळी चहाबरोबर मामांना सेल भरायची आठवण करतात.

परवा त्यांनी देवघरातली दुसरी बॅटरी माझ्यापुढे ठेवली. दोन मोठ्या सेलांची, पितळी नळीची, तारेच्या बल्बची, मामांच्या वडिलांची. तिचे बटण बुडाला नसून बाजूला सरकते आहे, म्हणजे ठिपक्यासाठी बटणाजवळ नळीला भोक पाडावे लागेल. मामा म्हणतात पाडू नको, मामी म्हणतात पाड. भोक पाडायचे सामते मी घेऊन ठेवले आहे. दिवाळीच्या पाडव्याला तिकडे जायचे आहे.